बुंधा आणि दोन शेंडे

३ एप्रिल १९८४, मंगळवार. सकाळ.

जबडा उघडत नाही. बोलता येत असतं तर ही वही विकत घेतलीच नसती.

काल दुपारी घरी पोचलो. तीन वर्षांनी. दार हार्लननं उघडलं. हार्लन म्हणजे माझा थोरला भाऊ, लाकडाच्या गिरणीत कामाला, डावखुरा, पंजे फावड्याएवढे. मी म्हटलं, काय हार्लन, जाडा झालास की! तो म्हणाला, वेंडेल, बाबांना पुरून अकरा आठवडे झाले. आणि ठोसा. मी पायऱ्यांवरून थेट चिखलात.

माझी बाजू इथे नोंदवून ठेवतो. निरोप मिळाल्या मिळाल्या मी फ्लोरिडातून निघालो होतो. वाटेत एका सर्कशीच्या हत्तीला सर्दी झाली होती आणि औषध पाजताना सोंड धरायला माणूस मिळत नव्हता. हत्तीची सर्दी लवकर जात नाही. हे हार्लनला कोण सांगणार?

बाबांनी कॅलेंडरच्या मागं दोन ओळी लिहून ठेवल्यात. घर हार्लनचं. रॉड दोघांचा. बस.

हा त्यांचा ट्राउट मासे धरायचा जुना बांबूचा रॉड. खाली मुठीचा बुंधा, वर बसवायला शेंडे दोन. एक दिवस हा शेंडा, एक दिवस तो, म्हणजे दोन्ही सारखे झिजतात, असं बाबा म्हणायचे. हार्लननं बुंधा स्वतःकडे ठेवला, दोन्ही शेंडे माझ्या छातीवर आपटले आणि म्हणाला, घे तुझा वाटा. मार मासे.

मुक्काम लाकडाच्या शेडमध्ये. तोही मेअखेरच्या सुट्टीपर्यंत, मेमोरियल डेपर्यंत. मग चालतं व्हायचं. नडीन वहिनी मध्ये पडली. म्हणाली, अरे पण त्याला राहायचं असेल तर? हार्लन म्हणाला, जन्मात एक काम शेवटापर्यंत नेऊन दाखव म्हणावं. माझ्या हातानं आत खाट टाकतो.

टाकशीलच, बेट्या.

संकल्प. हा रॉड कोणी बनवला आणि त्याची किंमत किती, हे शोधून काढायचं. शेवटापर्यंत. मध्ये काहीही येवो. शिवाय हात उचलायचा नाही. शिवाय वही रोज लिहायची.


७ एप्रिल

रोज लिहायचं जमलं नाही. कामात होतो.

गावात रॉडचं कळणारा माणूस एकच, मिस्टर व्हॅन ऑर्डन. वय एक्याऐंशी. नदीकाठच्या दुकानात गळाला लावायच्या, पिसांच्या नि दोऱ्याच्या खोट्या माश्या विकतात. मी एक शेंडा काढला आणि ताकद दाखवायला दोन्ही टोकं जवळ आणली. म्हाताऱ्यानं लोखंडी पट्टी माझ्या बोटांवर हाणली. म्हणाले, कोणाचा रे तू? एमेटचा? तरीच. हार्लन तरी विचारून तोडतो.

मी हात उचलला नाही. फक्त काउंटर ढकललं.

मग म्हातारा कामाला लागला. शेंड्याच्या सहाही पट्ट्यांवरून नख फिरवलं, बांबूची पेरं मोजली, रेशमी दोऱ्याचे वेढे मोजले, वास घेतला. दोन्ही शेंडे शेजारी शेजारी धरले. केसभरही फरक नाही. त्यांचा आवाज एकदम खाली आला. म्हणाले, बुंधा कुठाय? शेंड्यावर कोणी नाव लिहीत नाही बाबा, नाव असतं बुंध्यावर. तो आण. आणि एक गोष्ट नीट ऐक—

तेवढ्यात बाहेर एक माणूस मोटरसायकल ट्रकवर चढवत होता ती त्याच्याच अंगावर पडली. धावलो. माणुसकी. ती विकायला तो बिंगहॅमटनला चालला होता, मागं बसून धरायला कोणीतरी हवं होतं. ट्रक निघाला तरी मिस्टर व्हॅन ऑर्डन दारात पट्टी हलवत काहीतरी ओरडत होते. म्हातारी माणसं बोलतात फार.

हे बिंगहॅमटनमध्ये लिहितोय. उद्या परत.


११ एप्रिल

परत आलो. अर्धा रस्ता चालत.

गिऱ्हाईक म्हणालं, हे इंजिन मेलंय. मालकानं त्याला पान्हा मारला. मी मध्यस्थी केली. मग दोघांनी मिळून मला मारलं आणि लगेच सौदा ठरला. खालचा एक दात गेला. मीही मारलं, पण मध्यस्थी म्हणून. ते संकल्पात धरत नाही.

हार्लननं शेडच्या दारातून डोकावून माझं तोंड बघितलं. म्हणाला, कोण होता? मी म्हटलं, दोघं होते. तो म्हणाला, नावं? मी म्हटलं, विचारली नाहीत. चिडून गेला.


१७ एप्रिल

मोठा दिवस! शोध जवळजवळ संपला.

न्हाव्याकडे, म्हणजे डेलबर्टकडे, एक जुनं मासिक सापडलं. त्यात वेल नावाच्या कारागिराच्या रॉडवर चार पानं. वेलच्या रॉडला लाल रेशीम. आमच्या शेंड्यांना लाल रेशीम. वेलच्या रॉडचे दोन्ही शेंडे सारखे. आमचे सारखे. किंमत सहा हजार डॉलर! मात्र मालकानं मागाहून आपलं नाव घातलं असेल तर निम्मी. आणि कारागिराचं नाव दाखवणारी निशाणी बुंध्याच्या पितळी टोपीवर ठोकलेली.

तेव्हा हा वेल. माझ्या बाजूनं शंका उरलेली नाही.

डेलबर्ट म्हणाला, लाल तर माझी मानही आहे, मग मला सहा हजार दे. गिऱ्हाइकं हसली. तो पुढे म्हणाला, तुझ्या बापानं तो उन्हाळ्यात टोमॅटोच्या रोपाला टेकू लावला असेल, तू थंडीत चुलीला लाव. मी अत्यंत शांतपणे उठलो. फक्त खुर्ची माझ्याबरोबर उठली आणि आरसा फुटला. डेलबर्ट वस्तरा घेऊन मागं लागला, मी पावडरचा डबा त्याच्या डोळ्यांवर उलटा केला. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर फेस, अशा अवस्थेत पूल ओलांडला.

डावी बाजू उद्या करीन.


२४ एप्रिल

डावी बाजू अजून तशीच.

आज योजना. हार्लन गिरणीत. बुंधा स्वयंपाकघरात चुलीवरच्या दोन खिळ्यांवर टांगलेला. खिडकीतून आत, स्टुलावर पाय, दोन मिनिटांचं काम. स्टूल तीन पायांचं असतं हे लक्षात होतं, या स्टुलाला दोनच राहिले होते हे नव्हतं. मी बटाट्याच्या पातेल्यात.

नडीन वहिनीनं बिडाचा तवा मारला. मी म्हटलं, अगं मी आहे! ती म्हणाली, म्हणून तर मारलं. मग ओल्या फडक्यानं माझं डोकं पुसत म्हणाली, मेल्या, एकदा सरळ मागितलास का त्याच्याकडे? मी तिला समजावलं की समोरच्याला आपली गरज कळली की भाव चढतो, ही धंद्यातली युक्ती असते. तिनं परत तवा मारला.

बटाटे मात्र चांगले होते.


२९ एप्रिल, रविवार

हे डाव्या हातानं लिहितोय.

चर्च सुटल्यावर हार्लन बुंधा घेऊन शेडमध्ये आला. म्हणाला, एक शेंडा दे, बाबांच्या डोहावर जातो. मी दोन्ही पुढे केले; एक त्यानं शेडच्या दाराशी उभ्या ट्रकच्या सीटवर ठेवला. दुसरा स्वतः बुंध्यावर बसवला. अख्खा रॉड इतक्या वर्षांनी बघितला. हार्लननं तो नुसता हलवला, टोक भिंतीपर्यंत जाऊन परत आलं. बाबा हलवायचे तसं.

मग मी म्हटलं, सहा हजार.

तो म्हणाला, विकायचा नाही. मी म्हटलं, विकतोय कोण, किंमत काढतोय. तो म्हणाला, किंमत काढतो तो विकतो. मी म्हटलं, तू तरी काय करणार, मरेपर्यंत गिरणीत भुसा खाणार आणि रविवारी डोहात पाय बुडवणार. इथं त्यानं माझ्या पोटात डोकं घातलं.

पुढचं सगळं एकदम झालं. मी शेंडा सोडवायला गेलो, सांधा अडकलेला. हार्लननं बुंधा धरला, मी शेंडा, आणि ओढाओढ. त्यानं मला ओंडक्यांवर घातलं, मी त्याच्या गुडघ्यावर लाथ मारली, पण रॉड कोणी सोडला नाही. शेवटी तो ओरडला, गाढवा, वाकवून नको, सरळ ओढ! मी सरळ ओढलं.

टप्!

सांधा सुटला. हार्लन सरपणाच्या ढिगात, मी मागच्या मागं त्याच्या ट्रकवर, आणि माझ्या पाठीच्या धक्क्यानं ट्रकचं दार बंद. सीटवर ठेवलेल्या शेंड्याचं टोक बाहेर आलेलं. टोकाची तीन इंचं जमिनीवर. त्यावर परत जुंपली. मी त्याचं नाक मोडलं. त्यानं माझ्या दोन बरगड्या नि उजवा अंगठा.

मग दम लागला म्हणून ट्रकच्या फळीवर बसलो. तो नाक धरून, मी कूस धरून. हार्लन म्हणाला, ऐकलास ना आवाज? सांधा चांगला असला की असाच वाजतो. बाबा दर वेळी हसायचे. मी म्हटलं, आठवतंय. पाऊण तास बसलो. गेल्या तीन वर्षांत आम्ही एवढा वेळ एकत्र बसलो नव्हतो.

उठताना त्यानं बुंधा माझ्या मांडीवर टाकला. म्हणाला, ने. शोध काय शोधायचंय ते. पण अर्धवट सोडून पळालास, तर पाय मोडून हातात देईन.

म्हणजे युक्ती यशस्वी झाली. वहिनीला सांगायला हवं.


७ मे

कामाचा धडाका. सगळं सविस्तर लिहितो, पुढे उपयोगी पडेल.

पितळी टोपीवर निशाणी नाही. पन्नास वर्षं हात लागून झिजली असणार. मात्र मुठीच्या वर, व्हार्निशखाली, तपकिरी शाईत काहीतरी लिहिलंय. भिंग लावून वाचलं: ई. टॉलिव्हर, १९३८, आठ फूट, क्र. ४१. हा टॉलिव्हर कोण? कोणीतरी जुना मालक. आपल्या नावासाठी सहा हजाराच्या रॉडचे तीन हजार करून ठेवले हलकटानं! समोर असता तर त्याचा अंगठाच मोडला असता.

फुटक्या काचेनं खरवडलं, मग पॉलिश पेपर, मग ओलं फडकं. तासाभरात टॉलिव्हर साफ. वर नव्या व्हार्निशचे तीन हात. बुंधा असा चमकतोय की त्यात माझा डावा गाल दिसतो.

आता शेंड्यांचा प्रश्न. मासिकात स्पष्ट लिहिलंय, दोन्ही शेंडे सारखे हवेत. एक तीन इंचांनी आखूड. बराच विचार केला आणि दुसऱ्याचीही तीन इंचं कापली. आता तंतोतंत.

हे साधं डोकं हार्लनजवळ नाही. मी शाळा आठवीत सोडली, पण विचार करायचं सोडलं नाही.

शेजाऱ्याचा कुत्रा ओलं व्हार्निश चाटायला आला. मी ओरडलो, तो पोटरीला चावला, मी त्याच्या कानाला. मालकानं कुंपणावरून बादली फेकून मारली. तरी व्हार्निशला धक्का लागू दिला नाही.


१५ मे

हे कोणी बघितलं नाही म्हणून लिहून ठेवतो.

पेट्रोल पंपावर मधमाश्यांच्या पेट्यांचा ट्रक उभा होता. मेन राज्यात चाललेला. ब्लूबेरीच्या फुलोऱ्यावर माश्या सोडायच्या, महिनाभर समुद्राकाठी राहायचं, जेवण मालकाचं. ड्रायव्हर म्हणाला, येतोस? मी कधी चढलो ते कळलंच नाही. दोन मैल गेलो. तिथे मी म्हटलं, थांब. ड्रायव्हर म्हणाला, काय विसरलास? मी म्हटलं, एक काम शेवटापर्यंत न्यायचंय. तो म्हणाला, उतर मग, आणि पाठीत गुद्दा घालून त्यानंच उतरवला. सतरा माश्या चावल्या.

पण मी उतरलो. चालत्या गाडीतून मी आजवर स्वतःहून उतरलेलो नाही.

वहिनीला म्हटलं, खाट खिडकीपाशी टाका. ती म्हणाली, आधी तो गाल कर.


२६ मे, शनिवार

दर वर्षी या शनिवारी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये पॅनकेकचा नाश्ता असतो आणि लोक जुने रॉड घेऊन येतात. मिस्टर व्हॅन ऑर्डन मधल्या टेबलाशी बसतात, एकेक रॉड हातात घेऊन किंमत सांगतात. कोणी रडतं, कोणी हसतं, मग सगळे पॅनकेक खातात.

दोन्ही गाल करून गेलो. हार्लन आला होता. धुतलेला शर्ट, नाकाला पट्टी, मागच्या बाकावर. मी त्याला मान हलवली. त्यानंही हलवली. आजूबाजूच्यांना त्यानं काहीतरी सांगितलं आणि ते माझ्याकडे बघायला लागले. मला वाटतं तो म्हणाला, माझा भाऊ.

म्हाताऱ्यानं रॉड जोडला. शेंड्यांची टोकं बघून कपाळाला आठ्या. पण पेरं मोजायला लागले आणि हात थांबला. परत मोजली. चष्मा काढला. पुसला.

म्हणाले, हा वेल नाही. वेलच्या मागच्या खोलीत एक माणूस बसायचा. वेलचं नाव झालं ते त्याच्या हातामुळं. हिवाळ्यात घरी स्वतःसाठी रॉड बनवायचा, सगळे मिळून पन्नासही नसतील. मी आयुष्यात तीन बघितले. वेलच्या तिप्पट किंमत. आणि तो शिक्का मारायचा नाही, टाकानं नाव लिहायचा, इथं, मुठीच्या वर—

त्यांचा अंगठा तिथं पोचला आणि परत परत फिरत राहिला. उजेडात धरलं. म्हणाले, हे कोणी केलं?

मी म्हटलं, मी. तीन हात दिलेत.

म्हाताऱ्याची पहिली काठी माझ्या खांद्यावर. दुसरी कानावर. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, अग्निशमन दलाचे चार जवान लागले धरायला. मिस्टर व्हॅन ऑर्डन ओरडत होते, त्या दिवशी दारातून मी सांगितलं नव्हतं, पुसूसुद्धा नकोस म्हणून? नाव पुसूसुद्धा नकोस! मी ओरडलो, टॉलिव्हर! ई. टॉलिव्हर, क्रमांक एक्केचाळीस! वहीत लिहून ठेवलंय! ते एकदम शांत झाले. काठी खाली ठेवली. म्हणाले, पोरा, खरवडलेल्या जागी कोणाचं नाव होतं हे सांगणारे मला दर वर्षी भेटतात. त्यांच्याकडे पण वह्या असतात. नाव नाही, शेंडे कापलेले. चाळीस डॉलर. पुढचा कोण?

तिथं शहरातला एक इसम होता, अंगात वीस खिशांचं जाकीट. तो हसला. मी त्याचं तोंड पाकाच्या भांड्यात घातलं. त्याच्या मित्रानं मला बाक मारला. डेलबर्ट कुठूनसा आला आणि आरशाचं उट्टं काढायला लागला. कुत्र्याचा मालकही होता. मी टेबलावर चढलो, टेबल मोडलं, पॅनकेक, अंडी, किटल्या, सगळं अंगावर. खालून मी हार्लनला शोधत होतो. मी सहा वर्षांचा असल्यापासून माझ्या मारामारीत हार्लन पडला नाही असं झालेलं नाही. कधी माझ्या बाजूनं, बहुतेक वेळा समोरून, पण पडतोच.

मागचा बाक रिकामा होता.


२७ मे, रविवार. सकाळ.

हार्लन आता येईल. तयारी करून ठेवलीय. खिसे रिकामे केले, हलणारा दुसरा दात आधीच काढला, ओंडके बाजूला सरकवले म्हणजे पडताना लागू नये. झाकपाक करायची नाही, सगळं कबूल करायचं. दोन ठोसे, फार तर तीन. मग ट्रकच्या फळीवर बसू.


तोच दिवस. दुपार.

आला. बुंधा माझ्या हातातून घेतला. मुठीच्या वर अंगठा ठेवून उभा राहिला.

मी म्हटलं, हार्लन, तांत्रिकदृष्ट्या मी काम शेवटापर्यंत नेलंय. कोणी बनवला ते कळलं. किंमतही कळली.

तो म्हणाला, हो, नेलंस.

मग त्यानं डावा हात वर केला. मी डोळे मिटले. जबडा त्याला सोपा पडेल असा वळवला.

माझ्या डोक्यामागच्या खिळ्यावर त्याची टोपी होती. ती घेऊन तो गेला.

मी किती वेळ तसाच उभा होतो ते लिहीत नाही.


२८ मे, सोमवार. मेमोरियल डे.

हे घरातून लिहितोय. खाट टाकलीय. खिडकीपाशी, त्याच्या हातानं, शब्दाप्रमाणे. वर घडी केलेली गोधडी. वहिनी म्हणाली, सकाळीच आणून मांडली.

नाश्त्याला मी त्याला म्हटलं, जाडा झालास. त्यानं बटाटे पुढे केले. मी म्हटलं, ट्रकचं दार बंद झालं ते तुझ्या चुकीनं, सीटवर कोण ठेवतं शेंडा? तो म्हणाला, बरोबर आहे, मीठ हवंय का? मी त्याचा कप मुद्दाम सांडला. त्यानं फडकं आणून पुसलं.

मग अंगणात त्याला खांद्यानं ढकललं. जोरात. दोनदा.

तो बाजूला झाला आणि मला आधी जायला वाट दिली. पाहुण्याला देतात तशी.